डाखाच्या शेजारी तडकलेली प्लॅटिनमची अंगठी

तडा डाखावर, म्हणजे जोडासाठी वितळवून भरलेल्या धातूवर, नव्हता. डाखापासून दोन मिलिमीटर बाजूला, अंगठीच्या मूळ धातूत गेला होता आणि मला तेच खटकलं. पुरुषाची साधी, बिनखड्याची अंगठी; रुंदी ५ मिमी, जाडी १.३ मिमी, आत ९५० चा ठसा (हजारात ९५० भाग प्लॅटिनम). आधी दुसरीकडे दोन नंबरांनी वाढवून घेतलेली, म्हणजे घेरात साधारण २ मिमीचा तुकडा घातलेला. घेऊन आलेल्या ताईंनी एवढंच विचारलं, "दादा, प्लॅटिनम खोटं तर नाही ना?"

खोटं नव्हतं. हवेत वजन ८.६१ ग्रॅम, पाण्यात लटकवून ८.१९. म्हणजे घनता साडेवीसच्या आसपास. १८ कॅरेटचं पांढरं सोनं पंधरा-सोळाच्या पुढे सहसा जात नाही. एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) ९५ टक्के प्लॅटिनम, बाकी रुथेनियम हा प्लॅटिनमच्याच गटातला धातू. जोडाजवळ मात्र सोनं आणि चांदी दिसली, शिवाय वर रोडियमचा मुलामा. प्लॅटिनम मुळातच पांढरं, त्याला मुलाम्याची गरज सहसा नसते. १२०० नंबरचा कागद फिरवताच मुलाम्याखालून डाखाची पिवळट रेघ वर आली. सोन्याच्या डाखाने जोड देता येतो, पण त्याने शेजारचा धातू तडकत नाही. कारण वेगळं होतं.

तडा थोडा उघडून भिंगाखाली धरला. आतली बाजू खडीसाखरेसारखी कणीदार, चकाकणारी. चांगलं प्लॅटिनम तुटण्याआधी ताणलं जातं, चिवटपणे वाकतं. असं कणाकणाने सुटत नाही. मग सोन्याचा डाख पूर्ण कानसून काढला (तो राहिला असता तर पुढची परीक्षा फसली असती) आणि स्वच्छ ज्वालेने तो भाग तापवला. प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळतं. इथे धातू नारिंगी होतो न होतो तोच तड्याच्या कडा ओलसर चमकू लागल्या.

असं सिलिकॉन किंवा फॉस्फरसमुळे होतं. प्लॅटिनम आणि सिलिकॉन मिळून ८३० अंशांच्या आसपासच वितळणारं मिश्रण तयार होतं, फॉस्फरसबरोबर तर ६०० च्याही खाली. कोळशाच्या राखेत दोन्ही असतात. सोन्यासाठी आपण कोळशावर, मऊ पिवळ्या ज्वालेत, टाकणखार (बोरॅक्स) लावून झाळतो आणि ते बरोबरच आहे. पण कमी ऑक्सिजनच्या ज्वालेत गरम कोळशाला टेकलेलं प्लॅटिनम हे विष शोषून घेतं आणि ते धातूच्या बारीक कणांच्या सीमांवर जाऊन बसतं. एक्सआरएफवर ते भरवशाने दिसत नाही, कारण ही मूलद्रव्यं हलकी आहेत. रिपोर्ट शुद्ध, धातू मात्र ठिसूळ.

लेझरने तडा काही मिनिटांत बुजवता आला असता. पण शेजारचा धातू तसाच राहिला असता आणि पुढचा तडा तिथेच पडला असता. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंनी कापत गेलो. कापलेला प्रत्येक काप पकडीत दुमडून बघायचा. तुटला तर आणखी आत जायचं, न तडकता दुमडला की थांबायचं. एकूण ९ मिमी धातू गेला. नवी पट्टी त्याच मिश्रणाची, ९५० प्लॅटिनम आणि रुथेनियम, सुमारे १.२ ग्रॅम. इथे कोबाल्टवालं मिश्रण चालत नाही: ते किंचित चुंबकाला ओढतं आणि तापवल्यावर निळसर होतं.

कापलेल्या कडांवर करवतीचं, कानशीचं लोखंड चिकटलेलं असतं. ते गरम हायड्रोक्लोरिक आम्लात काढलं. त्यात नायट्रिक अजिबात मिसळायचं नाही, नाहीतर अम्लराज, म्हणजे प्लॅटिनमही विरघळवणारं मिश्रण, तयार होतं. नंतर पाणी, मग ॲसिटोन आणि पुढे बोट लावायचं नाही. कडा इतक्या जुळवल्या की मधून उजेड जाऊ नये. दोन्ही जोडांत त्याच मिश्रणाची ०.२ मिमीची चकती, कडेने जराशी बाहेर ठेवलेली. खाली सिरॅमिकची वीट, हातात टंगस्टनची सळई, डोळ्यांवर वेल्डिंगचा काळा चष्मा. त्या तापमानाचा झगझगाट उघड्या डोळ्यांनी कधीच बघू नये. ऑक्सिजन जास्त ठेवलेली बारीक, तीक्ष्ण ज्वाला. ॲसिटिलीन नाही, त्यातला कार्बन वितळलेल्या प्लॅटिनममध्ये शिरतो. टाकणखारही नाही, कारण प्लॅटिनम तापवल्यावर काळवंडत नाही. प्लॅटिनम सोन्याच्या मानाने उष्णता फार सावकाश पसरवतं, त्यामुळे जोड वितळत असताना समोरची बाजू शाबूत राहते. चकती आत ओढली गेली की ज्वाला लगेच काढायची. रेंगाळलं की कण मोठे होतात.

वितळून जमलेला जोड ओतकामासारखा असतो. तो मापाच्या दांड्यावर हलक्या हातोडीने ठोकून दाबला, १००० अंशांच्या आसपास तापवून मऊ केला, पुन्हा ठोकला. मग ४००, ६००, ८००, १२०० चा कागद, दर टप्प्यावर आडवी दिशा बदलत. घाई केलेली इथे लपत नाही: पॉलिशने प्लॅटिनम झिजत नाही, नुसतं सरकतं, आणि राहिलेला ओरखडा आरशासारख्या झळाळीत आणखी उठून दिसतो.

प्लॅटिनमचा कीस वेगळ्या डबीत गेला. तो सोन्याच्या किसात मिसळला तर सोन्याच्या आचेवर वितळत नाही आणि ओतलेल्या दागिन्यात करडे, टणक ठिपके राहतात. कापलेले तुकडे वजन करून ताईंना पुडीत परत दिले आणि पावतीवर लिहिलं: जोड त्याच धातूचा, सोन्याचा डाख वापरलेला नाही, मुलामा नाही.