जमीन न उकरता नवे वायरिंग : आमची वाटचाल

शहापूर हा बेळगावचा विणकरांचा भाग. आमचे घर तिथेच असल्यामुळे विजेशी माझी पहिली ओळख झाली ती यंत्रमागाच्या मोटारींमुळे. शेजारच्या एका मिस्त्रींच्या हाताखाली मी मोटार भरायला, म्हणजे तिची जळालेली तार नव्याने गुंडाळायला, आणि स्टार्टर जोडायला शिकलो, पुढे ठेकेदारीचा परवाना मिळाल्यावर घरगुती वायरिंगची कामे घेऊ लागलो. आज आम्ही सहा जण आहोत. त्यांपैकी दोघे घरी कन्नड बोलतात, त्यामुळे खानापुरापासून चिकोडीपर्यंत कुठल्याही घरात आमचे बोलणे अडत नाही.

धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी शहापुरातल्या एका जुन्या घरात न्हाणीतील गीझरसाठी स्वतंत्र लाइन न्यायची होती. सर्वांत जवळची वाट मधल्या खोलीतून जात होती, म्हणून मी छिन्नी-हातोडा घेऊन लाल कोब्यात सात फुटांची खाच पाडली, पाइप बसवला आणि सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड कालवून ती भरून काढली. लाल कोबा हा वरून दिलेला रंग नव्हे. ऑक्साइड मिसळलेल्या सिमेंटचा पातळ थर ओला असतानाच गवंडी तो थापीने घोटून घोटून चकाकी आणतो, आणि सगळी खोली एका दमात झालेली असल्यामुळे त्या रंगाची दुसरी पट्टी पुन्हा जमत नाही. माझी पट्टी वाळल्यावर फिकी दिसू लागली आणि नवे सिमेंट आकसल्यामुळे तिच्या दोन्ही कडांना केसासारखी भेग गेली. त्या घरातल्या आजी ती जमीन रोज स्वतः पुसत असत. त्यांनी मजुरी पूर्ण दिली आणि एवढेच म्हणाल्या, ‘बाळा, वायर वरनं न्यायची होतीस की रे.’ त्यानंतर आजपर्यंत आम्ही राहत्या घराची जमीन उकरलेली नाही.

वरून न्यायचे म्हणजे काय, हे घर पाहिल्याशिवाय ठरत नाही, म्हणून आम्ही फोनवर खर्चाचा अंदाज सांगत नाही. खानापूर भागात जांभ्या दगडाच्या भिंती आणि मंगळुरी कौले असतात; अशा घरात मुख्य वायरी माळ्यावरून, तुळईच्या कडेने कडक पीव्हीसी पाइपातून नेतो, कारण उघड्या वायरी उंदीर कुरतडतात. उन्हाळ्यात कौलांखाली इतकी उष्णता साठते की वायरीची भार पेलण्याची क्षमता कमी होते, म्हणून जिथे 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर एरवी पुरली असती तिथे आम्ही 4 ची घालतो. माळ्यावरून खाली उतरायचे ते दाराच्या चौकटीला लागून, म्हणजे उभी पट्टी डोळ्यांत भरत नाही. मातीच्या भिंतीत मात्र खाच पाडूच नये, कारण बोटभर जागा कापायला गेले तर हातभर गिलावा सुटतो. तिथे आम्ही केसिंग-कॅपिंगच, म्हणजे भिंतीवरून जाणारी झाकणाची पट्टी, वापरतो, आणि शक्य असेल तर ती पूर्वीच्या वायरिंगच्या सागवानी पट्टीच्याच रेषेवर बसवतो. जुन्या वायरमननी त्या पट्टीसाठी भिंतीत ठोकलेले लाकडी गुटके अनेकदा आजही घट्ट असतात आणि नव्या स्क्रूला तेच धरतात. ते गुटके पाहिले की त्या अनोळखी कारागिरांविषयी मनापासून आदर वाटतो.

काम सुरू करण्यापूर्वी खोलीभर गोणपाट आणि त्यावर प्लायवूड अंथरतो, आणि शिडीच्या पायांना जुन्या ट्यूबचे रबर बांधतो. शहाबादी फरशी दणकट दिसली तरी वरून पडलेल्या पक्कडीने तिचा टवका उडतोच.

जुन्या घरांत खरी उणीव असते ती अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीची. दोनच वायरी असतात, तिसरी मुळात टाकलेलीच नसते. नवा अर्थिंगचा खड्डा परसात घेतो आणि त्याची तार बाहेरच्या भिंतीवरून चढवून वळचणीखालून आत घेतो, त्यामुळे उंबरा आणि जमीन दोन्ही वाचतात. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये फार कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून पावसाळ्यात केलेल्या कामाचे मोजमाप आम्ही मे महिन्यात जाऊन पुन्हा घेतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर निपाणीजवळ वेदगंगेकाठच्या गावांतून आम्हांला बोलावणी आली. पाणी ओसरले होते, लोकांना दिवे लवकर हवे होते, पण भिजलेल्या भिंतींवरील जुन्या रबरी वायरींवर भरवसा ठेवणे शक्य नव्हते. प्रत्येक सर्किट वेगळे करून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासले आणि ज्याचा इन्सुलेशन रोध 1 मेगाओहमपेक्षा कमी भरला ते चालू केले नाही. काही घरांत रागावून बोलणेही ऐकावे लागले, तरी तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

त्याच कामांत एका माडीच्या घराने आम्हांला दोन दिवस अडवून धरले. खाली आणि माडीवर 30 मिलिॲम्पियरचे वेगवेगळे आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारे स्विच, बसवले होते, बाकी वायरी नव्या होत्या, तरी जिन्याचा दिवा लावला की दोन्ही बंद पडत. शेवटी असे आढळले की जिन्यातील तेवढा एक जुना तुकडा आम्ही तसाच ठेवला होता, आणि त्यात दिव्याला फेज खालच्या सर्किटचा, न्यूट्रल मात्र माडीच्या सर्किटचा जोडलेला होता. 40 वॅटच्या साध्या दिव्यातून सुमारे 170 मिलिॲम्पियर प्रवाह जातो. खालून गेलेला हा प्रवाह वरच्या न्यूट्रलने परतत असल्यामुळे दोन्ही आरसीसीबींना ती गळती वाटत होती. तेव्हापासून जिन्याचे वायरिंग आम्ही सर्वांत आधी उघडून पाहतो, आणि ‘एवढे जुने राहू दे’ असे मालकांनी म्हटले तर त्यांना ही हकीकत सांगतो.

काम संपल्यावर डीबीच्या, म्हणजे घरातील वीज वाटणाऱ्या पेटीच्या, दाराच्या आतल्या बाजूला प्रत्येक एमसीबीचे (भार वाढला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचचे) नाव मराठीत आणि कन्नडमध्ये लिहितो, आणि कोणती वायर कुठल्या भिंतीतून किती उंचीवर गेली आहे याचा हाताने काढलेला नकाशा मालकांना देतो. उद्या कोणी खुंटी ठोकायला आला, तर त्याने आधी तो नकाशा मागून घ्यावा, असे आम्ही घरातील सर्वांना सांगून येतो.