डायलिसिसने नेमके काय काढले? युरिया एकटा ते सांगत नाही

आमच्या कुटुंबात डायलिसिसचे दोन्ही प्रकार झाले आहेत. सासऱ्यांचे आठवड्यातून तीनदा यंत्रावर, म्हणजे हिमोडायलिसिस. आणि आत्याचे घरीच, पोटात द्रव सोडून तो दिवसातून चार वेळा बदलण्याचे, ज्याला सीएपीडी म्हणतात. दोघांच्या फायली माझ्याकडे असल्याने एक विसंगती डोळ्यांत भरली. सासऱ्यांचा एका डायलिसिसचा ‘केटी बाय व्ही’, म्हणजे डायलिसिस किती झाले ते सांगणारा आकडा, १.४ असे, म्हणजे आठवड्याचा ४.२, आत्याचा मात्र सबंध आठवड्याचा मिळून १.७. तरीही दोघांचेही डायलिसिस पुरेसे असल्याचा शेरा होता. मी रसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण हे गणित न सुटता बाजूला ठेवणे मला जमले नाही.

आधी ही मोजपट्टी काय मोजते ते पाहू. ‘के’ म्हणजे मिनिटाला किती रक्त युरियापासून, म्हणजे प्रथिनांच्या पचनातून उरणाऱ्या टाकाऊ पदार्थापासून, पूर्णपणे मोकळे होते ते, ‘टी’ म्हणजे वेळ, आणि ‘व्ही’ म्हणजे शरीरातले एकूण पाणी, ज्यात युरिया पसरलेला असतो. साधारण साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात ३५ लिटर पाणी धरले आणि डायलायझरने, म्हणजे यंत्रातल्या रक्त गाळणाऱ्या पडद्याच्या नळकांड्याने, मिनिटाला २०० मिलिलिटर रक्त मोकळे केले, तर चार तासांत ४८ लिटर होतात आणि भागाकार सुमारे १.४ येतो. फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या आकडेवारीवरून ही मोजणी मांडली आणि ती जगभर रुजली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस होत असेल तर प्रत्येक वेळी किमान १.२ मिळावा आणि उद्दिष्ट १.४ चे ठेवावे, असा संकेत आहे. सीएपीडीत दोन-दोन लिटरच्या चार पिशव्या आणि शरीरातून ओढले गेलेले जादा पाणी मिळून रोज नऊ लिटरच्या आसपास द्रव बाहेर येतो. त्यातला युरिया रक्तातल्या युरियाच्या जवळपास बरोबरीला पोहोचलेला असतो. आठवड्याचे हे ६० लिटर ३५ ने भागले की १.७ मिळतात.

मग १.७ हे ४.२ च्या तोडीचे कसे ठरते? यंत्र हे विहिरीवर लावलेल्या मोठ्या पंपासारखे आहे: पहिल्या तासात भराभर उपसा होतो, पण पातळी खाली गेली की पंप कितीही जोराचा असला तरी झऱ्यांतून जेवढे पाझरेल तेवढेच हाती लागते, आणि पंप बंद केला की विहीर पुन्हा भरू लागते. रक्तातला युरिया सुरुवातीला जास्त असतो तेव्हा मिनिटागणिक भरपूर निघतो. तो घटला की तेवढेच रक्त डायलायझरमधून फिरूनही निघणारा युरिया थोडाच. शिवाय स्नायूंमधला आणि पेशींमधला युरिया रक्तात मागाहून येतो, त्यामुळे डायलिसिस संपल्यावर अर्ध्या-एक तासात रक्तातले प्रमाण पुन्हा वर सरकते. आठवड्याच्या १६८ तासांपैकी बारा तास यंत्र काम करते आणि उरलेले १५६ तास साठवण चालू असते. सीएपीडीत गाळण्याचे काम पोटाच्या आतला पडदा करतो; ते संथ असते, पण ते अहोरात्र चालते. म्हणून आठवड्यात प्रत्यक्ष बाहेर पडलेला युरिया आणि रक्तातली त्याची पातळी या दोन्हींच्या हिशेबात दोन्ही पद्धती एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात.

मात्र हे सगळे युरियापुरते झाले. युरियाचा रेणू जेमतेम ६० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक), अत्यंत चपळ, पाण्यात सहज मिसळणारा आणि स्वतः फारसा विषारी नसलेला. त्याला आपण मोजतो कारण तो मोजायला सोपा आहे. तो अधिक काढला म्हणजे रुग्ण अधिक जगतो का, हा प्रश्न दोन्ही पद्धतींसाठी विचारला गेला आणि दोन्हीकडे उत्तर निराशाजनक आले. अमेरिकेतल्या हेमो अभ्यासात १,८४६ रुग्णांपैकी निम्म्यांचा केटी बाय व्ही सुमारे १.३ आणि निम्म्यांचा १.७ ठेवला होता. २००२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा मृत्युदरात लक्षणीय फरक नव्हता. त्याच वर्षी मेक्सिकोतल्या अडेमेक्स अभ्यासाने पोटाच्या डायलिसिसचा डोस वाढवून पाहिला, तिथेही आयुर्मान वाढले नाही. मला हे दोन निकाल फार महत्त्वाचे वाटतात, कारण एका ठरावीक पातळीनंतर युरियाच्या आकड्यामागे धावण्यात अर्थ उरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

खरा फरक दिसतो तो मोठ्या रेणूंच्या बाबतीत. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन सुमारे ११,८०० डाल्टनचे असते आणि ते शरीरात रोज तयार होते. जुन्या, बारीक छिद्रांच्या डायलायझरमधून ते जवळजवळ जातच नसे, म्हणून वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्यांच्या सांध्यांत ते साचे आणि मनगटातली नस दाबली जाऊन हात बधिर होत. मोठ्या छिद्रांच्या, म्हणजे हाय-फ्लक्स डायलायझरने त्याला वाट मिळाली. तरीही केवळ प्रमाणातल्या फरकाच्या जोरावर पडद्यापलीकडे सरकायचे म्हटले, तर मोठा रेणू मंदच राहणार. त्यावर हिमोडायाफिल्ट्रेशनमध्ये (एचडीएफ) असा उपाय केला आहे की रक्तातले पाणी दाबाने पडद्यापार खेचले जाते आणि त्याच्या ओघाबरोबर मोठे रेणूही ओढले जातात. खेचलेले पाणी भरून काढण्यासाठी तेवढाच अतिशुद्ध द्रव रक्तात परत सोडला जातो. एका डायलिसिसमध्ये २३ लिटर किंवा त्याहून अधिक पाणी असे खेचण्याचे उद्दिष्ट ठेवून युरोपातल्या आठ देशांत १,३६० रुग्णांवर कन्व्हिन्स अभ्यास झाला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: हिमोडायाफिल्ट्रेशनच्या गटात १७.३ टक्के रुग्ण दगावले, हाय-फ्लक्स हिमोडायलिसिसच्या गटात २१.९ टक्के.

हा फरक मोठा आहे, पण तो वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. एवढे पाणी खेचता येण्याची शक्यता आहे अशाच रुग्णांची तिथे निवड झाली होती, म्हणजे ज्यांच्या फिस्टुलातून (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीतून) रक्ताचा प्रवाह चांगला येतो आणि ज्यांची प्रकृती तुलनेने बरी आहे असे. त्यातच रक्तात थेट सोडायचा द्रव यंत्रातच तयार होत असल्याने पाणी शुद्ध करणारी व्यवस्था निर्दोष लागते. ‘आमच्याकडे एचडीएफ आहे’ असे एखाद्या केंद्राने सांगितले, तर प्रत्येक वेळी किती लिटर खेचले जातात हे विचारणे योग्य. दहा-बारा लिटरच्या एचडीएफला कन्व्हिन्सचे निष्कर्ष लावता येत नाहीत.

पोटाच्या डायलिसिसमध्ये बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन पडद्यातून थोडेच निघते. तरी आत्याच्या डॉक्टरांचे लक्ष पिशव्यांपेक्षा तिच्या लघवीवर अधिक असे, आणि त्याला सबळ कारण आहे. उरलेली मूत्रपिंडे मिनिटाला ५ मिलिलिटर जरी गाळत असतील, तरी आठवड्याचे ५० लिटर होतात, आणि ते गाळणे मोठ्या रेणूंनाही लागू पडते. कॅनडा आणि अमेरिकेतल्या कानुसा अभ्यासाच्या आकडेवारीचे २००१ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा जगण्याशी संबंध पोटाच्या पडद्याच्या कामाचा नव्हे, तर शिल्लक राहिलेल्या मूत्रपिंडाच्या कामाचा दिसला. यंत्रावर रक्तदाब वारंवार घसरला की हे शिल्लक काम लवकर संपते. सीएपीडीत ते सहसा अधिक काळ टिकते. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही ते संपते, हे लघवी होत असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी ठाऊक असायला हवे.

इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट ही आतड्यातल्या जिवाणूंच्या क्रियेतून उगम पावणारी विषे आकाराने लहान असूनही रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटलेली असतात. मोकळा असलेला थोडासा भागच पडद्यातून जाऊ शकतो, त्यामुळे यंत्र असो, पोट असो की एचडीएफ, ती नीट काढणे कोणालाच साधलेले नाही. निरोगी मूत्रपिंडाच्या नलिका ती ओढून बाहेर टाकतात. म्हणजे इथेही शिल्लक मूत्रपिंडच उपयोगी पडते.

फॉस्फरसचे प्रकरण आणखी वेगळे. चार तासांच्या डायलिसिसमध्ये साधारण ८०० ते १,००० मिलिग्रॅम निघतो, सीएपीडीत रोज सुमारे ३००. आहारातून शरीरात शिरणारा फॉस्फरस मात्र दोन्हींच्या आवाक्याबाहेरचा असतो, म्हणून अन्नातला फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या, जेवणाबरोबरच्या गोळ्या सुटत नाहीत. रक्तातला फॉस्फरस पहिल्या एक-दोन तासांतच खाली येतो आणि मग हाडे व पेशींमधून हळूहळू येत राहतो. तिथे रक्ताचा वेग वाढवून विशेष काही हाती लागत नाही, वेळच वाढवावा लागतो. आठवड्यातून पाच-सहा रात्री झोपेत आठ तास डायलिसिस करणाऱ्या काही रुग्णांच्या द्रवात उलट फॉस्फरस मिसळावा लागतो, एवढा तो निघून जातो.

आपल्याकडे खर्च आणि प्रवास यांमुळे असंख्य रुग्णांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होते. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे आणि राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे खर्चाचा भार बराच हलका झाला, तरी तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जाण्यातला दिवस कोणी भरून देत नाही. अशा रुग्णाच्या कागदावर केटी बाय व्ही १.४ दिसला की घरचे निश्चिंत होतात, पण तो आकडा एका वेळचा असतो, आणि १.४ चे उद्दिष्ट आठवड्यातून तीन वेळा गृहीत धरून ठरवलेले आहे. मूत्रपिंडे अजून मिनिटाला दोन-तीन मिलिलिटर रक्त युरियापासून मोकळे करत असतील तर दोनदा भागू शकते, नसतील तर नाही. हे कळण्यासाठी दोन डायलिसिसच्या मधली सगळी लघवी कॅनमध्ये साठवून, आणि त्या अवधीच्या सुरुवातीचा व शेवटचा रक्तातला युरिया तपासून, साधी आकडेमोड करावी लागते. दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी, कारण हे शिल्लक काम घटत जाते आणि ते केव्हा संपले हे केटी बाय व्हीच्या एका वेळच्या आकड्यात दिसत नाही.