शाळा उघडण्यापूर्वीची सहविचार सभा

विदर्भ वगळता राज्य मंडळाच्या शाळा साधारणतः 15 जूनच्या सुमारास उघडतात आणि त्याआधी एकदोन दिवस शिक्षकांना शाळेत बोलावले जाते. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीलगत असलेल्या आमच्या अनुदानित माध्यमिक विद्यालयात या दिवसांची आखणी पर्यवेक्षिका या नात्याने माझ्याकडे असते. 2026-27 च्या तयारीच्या निमित्ताने, आमच्याकडे हळूहळू रुळलेला क्रम येथे मांडते आहे. माझे मत आरंभीच सांगते : या दिवसांतला मोठा वाटा कामांच्या वाटपाला न देता मुलांविषयीच्या माहितीच्या देवाणघेवाणीला द्यावा.

प्रचलित सभेचे स्वरूप बहुतेकांच्या परिचयाचे आहे. मुख्याध्यापकांचे प्रास्ताविक होते, दहावीच्या निकालाचे वाचन होते, अभिनंदनाचा ठराव होतो आणि त्यानंतर समित्यांची यादी वाचली जाते. परिवहन, तक्रार निवारण, सखी सावित्री, शिक्षक-पालक संघ, परीक्षा, क्रीडा, सांस्कृतिक अशी ती यादी लांबत जाते आणि प्रत्येक जण केवळ आपले नाव कोठे येते एवढेच ऐकत असतो. ही यादी आम्ही आदल्या दिवशी फलकावर लावतो. ज्यांना हरकत असेल ते मुख्याध्यापकांना स्वतंत्रपणे भेटतात. प्रेरणादायी व्याख्यानासाठी बाहेरून वक्ता बोलावण्याची पद्धत अलीकडे बरीच पसरली आहे. तिच्याविषयी मला फारसा आदर नाही, कारण नववी 'क'च्या वर्गात कोण बसणार आहे हे त्या वक्त्याला ठाऊक नसते आणि शिक्षकाला नेमके तेच जाणून घ्यायचे असते.

म्हणून सभेच्या पहिल्या सत्रात आम्ही वर्गांचे हस्तांतर करतो. गेल्या वर्षीचा वर्गशिक्षक आणि यंदाचा वर्गशिक्षक समोरासमोर बसतात, हजेरीपत्रक मध्ये ठेवतात आणि एकेका नावावर बोलतात. गुणपत्रकातून जे कळते ते येथे बोलायचे नाही, असा दंडक आहे. कोणाला फळ्यावरचे दिसत नाही पण चष्मा लावायला लाज वाटते, कोण अडखळत बोलतो आणि म्हणून त्याला सर्वांसमोर एकदम मोठ्याने वाचायला सांगू नये, कोणाच्या घरी अभ्यासाला जागा नसल्यामुळे शाळा सुटल्यावर अर्धा तास ग्रंथालयात बसू दिल्यास त्याचा गृहपाठ पूर्ण होतो, अशा गोष्टी येथे सांगायच्या असतात. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या पालकांची मुले आमच्याकडे मोठ्या संख्येने आहेत. आई दुसऱ्या पाळीला असेल, तर दुपारी केलेला फोन ती उचलू शकत नाही, आणि तीनदा फोन करूनही पालक प्रतिसाद देत नाहीत असा शेरा वहीत पडतो. कोणाला केव्हा फोन करावा, एवढी एक नोंद जुन्या वर्गशिक्षकाकडून नव्याकडे गेली तरी पहिल्या घटकचाचणीपर्यंतचे कितीतरी गैरसमज टळतात. काही घरांत हिंदी किंवा भोजपुरी बोलली जाते. त्या मुलांचे मराठी लेखन तपासताना काय अपेक्षा ठेवावी, हेही जुना शिक्षकच सांगू शकतो.

द्राक्षबागांच्या पट्ट्यातील माध्यमिक शाळांत हेच हस्तांतर निराळ्या कारणासाठी आवश्यक ठरते. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे बागांच्या कामाला येतात, आणि ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत मुलांची उपस्थिती कामाच्या हंगामानुसार कमीजास्त होते. कोणता विद्यार्थी कोणत्या महिन्यात गैरहजर राहू लागतो हे जूनमध्येच माहीत असेल, तर गळती झाल्यावर शोध घेत फिरण्याऐवजी आधीच पालकांशी बोलता येते.

या पद्धतीला एक धोका आहे आणि तो लहान नाही. शिक्षककक्षात मुलांची प्रतिमा फार लवकर तयार होते आणि एकदा तयार झाली की दहावीपर्यंत पुसली जात नाही. म्हणून 'खोडकर', 'आळशी', 'घरचे वळण नाही' असे शब्द हस्तांतरात वर्ज्य आहेत. मुलाला काय केल्याने मदत होते, एवढेच सांगायचे. घरातील नाजूक बाब असेल, तर ती फक्त नव्या वर्गशिक्षकाच्या कानावर घालायची आणि कागदावर उतरवायची नाही.

आठवीचा प्रश्न वेगळा असतो. महापालिकेच्या अनेक शाळा सातवीपर्यंत असल्यामुळे आठवीत मुलांचा मोठा गट नव्याने दाखल होतो आणि त्यांच्याविषयी सांगणारे आमच्याकडे कोणीच नसते. त्या मुलांच्या आधीच्या शाळेतील शिक्षकांना दूरध्वनी करून विचारावे लागते. हे शिक्षक आनंदाने बोलतात, असा अनुभव आहे. बहुधा त्यांना एरवी कोणी विचारतच नाही.

दुसरे हस्तांतर विषयांचे. नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात दोन चलांतील रेषीय समीकरणे हे प्रकरण पाचवे आहे आणि दहावीचे पुस्तक त्याच विषयाने सुरू होते. नववीला ते प्रकरण दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे घाईत उरकले गेले असेल, तर दहावीच्या शिक्षकाने पहिला आठवडा उजळणीला द्यायला हवा. अन्यथा जुलैत वर्ग कच्चा असल्याची तक्रार सुरू होते. नववीच्या शिक्षकाने काय राहिले ते मोकळेपणाने सांगावे, यासाठी या बैठकीत मुख्याध्यापक बसत नाहीत. हा निर्णय त्यांनी स्वतःहून घेतला, याचा उल्लेख केला पाहिजे. पाचवी आणि आठवीला 2023-24 पासून वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा आल्यामुळे, पुनर्परीक्षेतून वर आलेल्या मुलांच्या विषयवार अडचणी नववीच्या शिक्षकांना याच वेळी दिल्या जातात.

वेळापत्रकावर प्रत्येक शाळेत वाद होतात, आमच्याकडेही होतात. त्यातली एकच गोष्ट मला आग्रहाने मांडायची आहे. नव्याने आलेल्या शिक्षणसेवकाला सर्वांत अवघड तुकडी, शेवटच्या तासिका आणि बदली तासांचा, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी घ्यायच्या तासांचा, भार देण्याची जी अलिखित प्रथा आहे, ती मोडली पाहिजे. माध्यमिक शाळेतील शिक्षणसेवकाला तीन वर्षे दरमहा 18,000 रुपये मानधन मिळते. त्यात नाशिकमध्ये खोली भाड्याने घेऊन तो राहतो आणि कमी पगारात अधिक कठीण काम करण्याची अपेक्षा आपण त्याच्याकडून ठेवतो. आम्ही पहिल्या सत्रात त्याला दहावीचा वर्गशिक्षक करत नाही, त्याच्या विषयाचा एक अनुभवी शिक्षक त्याला जोडून देतो आणि दोघांच्या रिकाम्या तासिका आठवड्यातून किमान दोनदा एकाच वेळी येतील असे पाहतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरले आहेत आणि त्यांत तयारीचा वेळही समाविष्ट आहे. रिकामी तासिका ही सवलत नाही, हे बदली तासांची वही लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

यंदाच्या वार्षिक नियोजनात दोन गोष्टी नेहमीपेक्षा निराळ्या आहेत. पहिली जनगणना. लोकसंख्या मोजणीचा टप्पा फेब्रुवारी 2027 मध्ये येतो, आणि दहावीची लेखी परीक्षाही अलीकडे फेब्रुवारीतच सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामे शिक्षकांना देता येतात, त्यामुळे हे काम टळेल असे गृहीत धरण्यात अर्थ नाही. आम्ही दहावीचा अभ्यासक्रम डिसेंबरअखेर आणि विज्ञानाच्या 20 गुणांच्या प्रात्यक्षिकांची तयारी जानेवारीच्या मध्यापर्यंत संपेल असे नियोजन केले आहे. दुसरी गोष्ट सिंहस्थ. अमृतस्नाने 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे पुढच्या शैक्षणिक वर्षात आहेत. परंतु शहरात रस्त्यांची कामे आतापासूनच चालू आहेत आणि पंचवटीकडून किंवा नाशिकरोडकडून येणाऱ्या मुलांच्या रिक्षा-व्हॅनना त्याचा फटका बसतो. परिपाठाला उशीर झालेल्या मुलाला बाहेर उभे करू नये, अशी सूचना या वर्षी लेखी दिली आहे. पर्वणीच्या दिवसांत 2015 साली वाहतुकीवर जी बंधने आली होती ती जुन्या शिक्षकांना आठवतात, तेव्हा 2027 च्या पहिल्या घटकचाचणीच्या तारखाही याच वर्षाअखेर ठरवाव्या लागतील.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना या सभेला बोलावत नाहीत, ही बहुतेक शाळांतील मोठी उणीव आहे. नव्या पालकाची पहिली भेट लिपिकाशी होते आणि स्वच्छतागृहाकडे जाणारी मुले शिपाईमामांच्या किंवा मावशींच्या नजरेसमोरून जातात. आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश आधीच्या शाळेच्या दाखल्यासाठी लांबवता येत नाही, हे लिपिकाला माहीत नसेल तर कामगार पालकाची एका दिवसाची मजुरी बुडते. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळावीत हे ठरवण्यासाठी, 30 सप्टेंबरची पटसंख्या आणि मुलांच्या आधारची पडताळणी पाहिली जाते. नावातील ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकामुळे अडकलेल्या नोंदी जूनपासून दुरुस्त केल्या तरच एखाद्या शिक्षकाचे पद वाचते. लिपिकाच्या टेबलावरचे हे काम सर्वांच्या नोकरीशी जोडलेले आहे, हे शिक्षकांनीही ऐकावे म्हणून ते सर्वांसमोर मांडले जाते.

2012 च्या पॉक्सो कायद्यावरचे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यावरचे, सत्र मात्र सर्वांसाठी एकत्र असते. अत्याचाराची माहिती किंवा रास्त शंका असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी कलम 19 ने टाकली आहे. केवळ मुख्याध्यापकांना सांगितल्याने ती संपत नाही, आणि शाळेच्या नावाचा विचार करून थांबणे हा गुन्हा ठरतो. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून प्रकार वदवून घेऊ नये, त्याची ओळख कोठेही उघड होऊ देऊ नये आणि चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर मुलांना वाचता येईल इतक्या उंचीवर लावावा, एवढे तरी प्रत्येकाच्या लक्षात राहिले पाहिजे. बदलापूरच्या शाळेतील 2024 च्या अत्याचाराच्या घटनेनंतर हे सत्र कोणी टाळत नाही.

पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) अनिवार्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1 सप्टेंबर 2025 चा निकाल शिक्षककक्षात अजूनही तापलेला आहे, कारण माध्यमिक शाळेला जोडलेले पाचवी ते आठवीचे वर्ग त्यात येतात. सभेत त्यावर चर्चा सुरू झाली की दुसरे काहीच होत नाही. म्हणून परीक्षेला बसणाऱ्यांचा एक अभ्यासगट शनिवारी दुपारी शाळेतच भरवायचे ठरले आहे आणि त्या दिवशी त्यांना बदली तास द्यायचा नाही, हे वेळापत्रकात लिहून टाकले आहे.

जूनच्या अखेरच्या शनिवारी आम्ही दुसरी, छोटी सभा घेतो. तोवर प्रवेश बऱ्याच अंशी पूर्ण झालेले असतात आणि वर्गशिक्षकांना मुलांचे चेहरे ओळखू येऊ लागलेले असतात. हस्तांतरात सांगितलेल्या गोष्टींपैकी कोणती आता लागू नाही, हे त्या दिवशी विचारले जाते आणि त्यानुसार आसनव्यवस्था, तासिका व जादा तासांचे गट बदलले जातात. 'तो मुलगा आता अडखळत नाही, त्याला वाचायला सांगत चला,' अशीही एखादी दुरुस्ती त्यात असते.