आधी गळती, मग जेट : आमची वाटचाल

रबाळे एमआयडीसीत आमचा कार्बोरेटर दुरुस्तीचा गाळा शोधत आलेला माणूस आत शिरताच बहुधा एकच गोष्ट विचारतो : अजून कार्बोरेटरवर दुकान चालतं का? चालतं. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराचे कडक नियम, लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमधून कार्बोरेटर जवळपास गेला. पण आधीच्या गाड्या काही एका रात्रीत भंगारात गेल्या नाहीत. कार्बोरेटर उघडून नीट बसवणारे हात मात्र कमी झाले, आणि ती कामं आमच्याकडे वळली.

धंद्याचं मूळ मामांच्या कळव्यातल्या टपरीत आहे. मामा टू-स्ट्रोक रिक्षांचे कार्बोरेटर करायचे. शाळा सुटली की मी तिथे फ्लोट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग) धुवायला बसायचो. मामांची सक्त ताकीद एकच, जेटमध्ये तार घालायची नाही. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं. तो पितळेचा, पितळ मऊ. तार फिरवली की भोक वाढतं, नाहीतर लांबट होतं, आणि वर कोरलेला आकडा खोटा पडतो. पेट्रोलमध्ये भिजवा आणि हवा मारा. आज माझ्या पोरांना मी हेच सांगतो, तरी नवा पोरगा आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात क्लच केबलची तार दिसतेच.

रिक्षा सीएनजीवर गेल्या तसं मामांचं गिऱ्हाईक ओसरलं. त्याच सुमारास यामाहाच्या आरएक्स 100 मोटारसायकलची हौस वर आली. 1985 ला बाजारात आलेली आणि 1996 ला बंद झालेली ही गाडी ऐरोली-घणसोलीच्या पोरांनी डोक्यावर घेतली. त्यांच्या कामात पैसा होता, पण डोकं कमी लागायचं. सायलेन्सरची पुंगळी काढा, आवाज करा, झालं. रबाळ्यात गाळा घेतला तो याच काळात. लेथ, बोअरिंग, अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. ठाण्यात एवढ्या भाड्यात ते जमलं नसतं.

क्वाड बाईक, म्हणजे चार चाकांची मोटारसायकल, आमच्याकडे आली ती टेम्पोत बसून, मुरबाडकडच्या एका फार्महाऊसवरून. यामाहा बॅन्शी. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारं इंजिन, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र 26 मिलिमीटरचा मिकुनी कंपनीचा कार्बोरेटर. मालकांनी एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचे फुगीर सायलेन्सर पाइप) लावलेले, एअरबॉक्स (फिल्टरची बंद पेटी) काढून उघडे फिल्टर बसवलेले, रीड (हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या पट्ट्या) पण बदललेले. आधीच्या एका गॅरेजने कुठल्यातरी यादीतून आकडा उचलून मेन जेट, म्हणजे फुल रेसला पेट्रोल देणारा जेट, टाकला होता. गाडीचा एक पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला होता. मालक म्हणाले, “जेट छोटा पडला, मोठा टाका.”

इथे थोडं थांबून सांगतो, कारण आमचा आजचा धंदा याच कामातून उभा राहिला.

इंजिनात जास्त हवा जायला लागली की त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवावं लागतं. उघडा फिल्टर, चेंबर, रीड ही सगळी हवा वाढवण्याची साधनं, म्हणून जेट वाढतो. कंपनीतून बॅन्शीला 200 चा मेन जेट येतो. एवढे बदल केल्यावर तो तीनशेच्या आसपास जाऊ शकतो. इथवर मालकांचं बरोबर होतं. पण दोन सिलिंडरांपैकी एकच चिकटला असेल, तर दोष दोघांना सारखा असलेल्या जेटचा कमी आणि एकाच बाजूने चोरून येणाऱ्या हवेचा जास्त. ही चोरटी हवा कार्बोरेटरमधून येतच नाही, मग तिच्यासाठी पेट्रोल कोण देणार? आम्ही सायलेन्सरचं आणि कार्बोरेटरचं तोंड बंद करून इंजिनात सहा पीएसआय दाबाने हवा भरली. सहा मिनिटं काटा हलता कामा नये. तो हलला, आणि साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले मॅग्नेटच्या बाजूच्या क्रँक सीलपाशी, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्यापाशी. सील स्वस्त, पण मोठा जेट टाकून ते झाकायला गेलो असतो तर गाडीने पुन्हा पिस्टन खाल्ला असता. याउलट क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं. पांढरा धूर आणि उतरलेली ऑइलची पातळी ही त्याची खूण.

तेव्हापासून गाळ्याचा नियम : आधी गळती, मग जेट.

गळती मिटल्यावरच खरी गंमत सुरू होते. बॅन्शीचा थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो, आरएक्सवाल्यांना ती सवय नाही. म्हणून आम्ही हाऊसिंगवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या, कारण “मध्येच अडकते” या तक्रारीचा अर्थ खूण पाहिल्याशिवाय लागत नाही. साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट (मंद रेसचा छोटा जेट) आणि एअर स्क्रू (त्याची हवा कमी-जास्त करणारा) यांचं राज्य, पुढे पाऊणपर्यंत निडल (निमुळती सुई) आणि तिची क्लिप, त्यावर मेन जेट. क्लिप खालच्या खाचेत नेली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं. नवी पोरं हे हमखास उलटं करतात. दोन कार्बोरेटर असले की दोन्ही स्लाइड (हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या झडपा) एकाच क्षणी उचलल्या जातात का, हे आधी पाहायचं. ते चुकलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

मेन जेट आम्ही मुद्दाम मोठा टाकून सुरुवात करतो आणि खाली उतरतो. घट्ट मिश्रणाने गाडी फुल रेसला घुरघुरते, प्लग काळा-ओला होतो, पण इंजिन वाचतं. पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, मिश्रण गाडीला आधी झकास पळवतं आणि मग मारतं. फार्महाऊसच्या आतल्या कच्च्या रस्त्यावर नवा प्लग घालून फुल रेसवर ओढायची, मग एकाच वेळी किल स्विच आणि क्लच. प्लग कापून चिनीमातीच्या अगदी तळाशी कडं कोणत्या रंगाचं आहे ते बघायचं. टोकाचा रंग बघून निर्णय घेणारे बरेच असतात, टोक फसवतं.

काम झालं, गाडी सुटली, पण बिलावरून वाजलं. मालक म्हणाले, जेट शेकड्यांत, सील शेकड्यांत, मग एवढी मजुरी कशाची? प्रेशर टेस्टमध्ये तर तुम्ही काही बदललंच नाही! प्रश्न रास्त होता. आमच्याकडे तोवर वस्तूचं बिल व्हायचं, तपासणीचं नाही. यावर तोड काढली माझ्या बायकोने, ती हिशेब आणि जीएसटी बघते. तिने एक कार्ड छापून घेतलं. त्यावर त्या दिवशीचं तापमान, पेट्रोल कुठलं, तेल किती, गळतीचा निकाल, दोन्ही कार्बोरेटरचे जेट, क्लिपची खाच, एअर स्क्रू किती फेरे बाहेर. गिऱ्हाइकाच्या हातात कागद आला आणि मजुरीवरची घासाघीस जवळपास थांबली. पुढच्या वर्षी तीच गाडी आली की आम्हीही शून्यापासून सुरू करत नाही.

कार्डावर तापमान लिहिणं हा काहींना चोंबडेपणा वाटतो. मुरबाडला जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंश असतात, मे महिन्यात दुपारी अडतीस. नुसत्या त्या फरकाने हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी बदलते. मे महिन्यात अगदी काठावर लावलेली गाडी जानेवारीत पातळ चालणार. लोणावळ्याला, सहाशे मीटरच्या वर, उलटा प्रकार : हवा विरळ, तोच जेट घट्ट वाटतो.

तेलाचा रकाना तर सगळ्यात महत्त्वाचा. बॅन्शीसारख्या टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. “सेफ्टीला तेल जरा जास्तच टाकतो” असं सांगणारे गिऱ्हाईक दर महिन्याला भेटतात. चाळीसाला एक म्हणजे लिटरला 25 मिलिलिटर, बत्तीसला एक म्हणजे साधारण 31. जेटमधून जाणारं द्रव तेवढंच. त्यात तेल वाढलं म्हणजे पेट्रोल कमी झालं, आणि मिश्रण पातळ झालं. तेल वाढवायचं तर वाढवा, पण मग जेट पुन्हा तपासा.

अलीकडे मोठी उलथापालथ केली ती ई-20 ने, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने. पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 पट. वीस टक्क्यांच्या मिसळीला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे सांभाळून घेतो, कार्बोरेटरला कोण सांगणार? जुन्या पेट्रोलवर नीट लावलेल्या गाड्या आता पातळ चालतात, त्यामुळे आमची जुनी कार्डं नव्याने भरावी लागली. शिवाय इथेनॉल पाणी धरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने उभी राहिलेली क्वाड दसऱ्याला चालू होत नाही, फ्लोट बाऊलच्या (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाशी पाणी आणि पांढरा बुरशीसारखा थर. जूनमध्ये टाकी आणि बाऊल रिकामे करा म्हणून आम्ही सगळ्यांना मेसेज करतो. ऐकतात थोडे. बाकीच्यांमुळे आमचा ऑक्टोबर चांगला जातो, ही गोष्ट वेगळी.

सध्या गाळ्यात मी, बायको आणि आयटीआय केलेली दोन पोरं आहोत. क्वाड रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून गाडी टेम्पोनेच आणावी. आम्ही ती रस्त्यावर काढून ट्रायल देत नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. टाकी रिकामी करून आणू नका, तुम्ही रोज जे पेट्रोल आणि तेल वापरता तेच लिटर-दीड लिटर राहू द्या. आणि आधी कोणी जेट बदलला असेल तर काढलेला जेट फेकू नका. मिकुनीचा आकडा प्रवाहाचा असतो, डेलोर्टो या दुसऱ्या कंपनीचा भोकाच्या व्यासाचा, त्यामुळे “एकशे तीसचा होता” एवढ्या सांगण्यावरून काही कळत नाही. तो जेटच डबीत घालून घेऊन या.