पहिली गाडी लेट, दुसरी चुकली: कनेक्टिंग प्रवासाचं गणित

नाशिक, जळगाव नाहीतर नागपूरहून निघायचं, मुंबईत गाडी बदलायची आणि पुढे कोकण, गोवा किंवा गुजरात गाठायचं. असा प्रवास आखताना बहुतेक जण दोनच वेळा पाहतात: पहिली गाडी पोचते कधी आणि दुसरी सुटते कधी. मधे दीड तास दिसला की तिकीट काढून मोकळे. रेल्वेच्या लेखी मात्र ही दोन स्वतंत्र तिकिटं असतात. पहिली लेट झाली म्हणून दुसरी थांबत नाही, आणि दुसरी चुकली तर तेच तिकीट दाखवून मागून येणाऱ्या गाडीत बसता येत नाही. आरक्षित तिकीट त्याच गाडीपुरतं आणि त्याच तारखेपुरतं.

यावर रेल्वेनेच एक तोड काढून ठेवली आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर (तिकिटांवरचे आरक्षण क्रमांक) एकमेकांना जोडता येतात. आयआरसीटीसीवर कनेक्टिंग जर्नीचा पर्याय आहे, तो वापरायचा. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कॅन्सलेशनची कपात न होता परत मिळतात. पहिल्या गाडीचं भाडं अर्थातच जातं, कारण तो प्रवास झालेला असतो. अटी साध्या आहेत, पण लोक नेमके त्यातच अडकतात. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची माहिती तंतोतंत तीच हवी. एकावर ‘सुनीता’ आणि दुसऱ्यावर ‘सुनिता’ असं स्पेलिंग झालं किंवा एका तिकिटावर आजोबा जास्तीचे असले की जोडणी अडते. पहिली गाडी जिथे उतरवते तिथूनच दुसरी पकडायची, असंच आखावं. जवळचं दुसरं टर्मिनस चालून जाईल असं गृहीत धरू नये.

पैसे आपोआप येत नाहीत. पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरावा लागतो. काउंटरचं तिकीट असेल तर त्याच मुदतीत खिडकीवर ते जमा करायचं. ही मुदत लोकांच्या हातून सुटते ती हमाल, रिक्षा आणि पुढच्या सोयीच्या धावपळीत. म्हणून फलाटावर उतरल्या उतरल्या, चहा घेण्याआधी, टीडीआर. नेहमीच्या पद्धतीने कॅन्सल करायची वाट बहुधा आधीच बंद झालेली असते. पहिला चार्ट, म्हणजे कुणाला कुठली जागा याची यादी, गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी लागतो, आणि चार्ट लागल्यावर ई-तिकीट ऑनलाइन रद्द होत नाही. पहिली गाडी दीड तास मागे आहे हे कळतं तेव्हा दुसरीचा चार्ट लागून गेलेला असतो. राहतो तो टीडीआरच.

हे संरक्षण फक्त रेल्वेच्या दोन जोडलेल्या तिकिटांना आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. साताऱ्याहून एसटीने पुण्याला येऊन गाडी पकडणार असाल आणि खंबाटकी घाटात अडकलात, तर नुकसान तुमचंच. ट्रॅव्हल्सची बस, विमान, ओला, लोकल, कशाचाही उशीर रेल्वेच्या हिशेबात येत नाही. उलट दुसरी गाडीच तुमच्या स्थानकावर तीन तासांहून जास्त लेट असेल, तर प्रवास न करता पूर्ण परतावा मागता येतो, तत्काळ तिकिटावरसुद्धा. तो टीडीआर मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरलेला असला पाहिजे.

पण परतावा ही पडल्यानंतरची पट्टी झाली. मुळात पडू नये यासाठी मधे किती वेळ ठेवायचा यापेक्षा गाडी बदलायची कुठे हे आधी ठरवावं. नाशिककडून येऊन कोकणात जाणारे लोक सवयीने सीएसएमटीपर्यंत जातात आणि तिथून मांडवी किंवा कोकणकन्या पकडतात. या दोन्ही गाड्या ठाण्याला थांबतात. सीएसएमटी ते ठाणे ३४ किलोमीटर. म्हणजे उपनगरी गर्दीतून आधी ३४ किलोमीटर आत जायचं आणि मग तेच अंतर उलटं यायचं. ठाण्यालाच बदललं तर ही येरझार वाचते आणि शिवाय दुसरी गाडी तिथे उशिरा येते, तोही वेळ पदरात पडतो. तोटा एवढाच की ठाण्याला थांबा दोन-तीन मिनिटांचा असतो. डबा कुठे लागणार हे पाहून आधीच उभं राहावं लागतं, मोठं सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर जास्तच. तिकीट सरळ ठाण्यापासून काढावं. तिथून वेटिंग दाखवत असेल तर सीएसएमटीपासून काढून बोर्डिंग ठाणे करून घ्यावं, पण बोर्डिंग बदलल्यावर मूळ स्थानकातून चढता येत नाही हे विसरू नये.

पश्चिम रेल्वेची गाडी असेल तर हेच काम बोरिवली करतं. मध्य रेल्वेने दादरला उतरून पूल ओलांडायचा आणि फास्ट लोकलने बोरिवली गाठायची. मुंबई सेंट्रल किंवा वांद्रे टर्मिनसहून सुटणाऱ्या बहुतेक लांबच्या गाड्या तिथे थांबतात. संध्याकाळी सहा ते नऊच्या मधे हा विचार सोडून द्या. त्या वेळी दादरला ट्रॉलीबॅग घेऊन विरार फास्टमध्ये शिरणं म्हणजे गाडी चुकवण्याचा दुसरा मार्ग. तेव्हा दादरहून टॅक्सीने मुंबई सेंट्रल बरं. दादरचे फलाट डिसेंबर २०२३ मध्ये सलग क्रमांकाचे झाले: १ ते ७ पश्चिमेचे, ८ ते १४ मध्यचे. ‘सहा नंबर’ कुठल्या रेल्वेचा हा जुना घोळ त्यामुळे संपला.

नावांचे घोळ मात्र अजून आहेत. लोकमान्य टिळक टर्मिनस म्हणजे कुर्ला स्टेशन नव्हे, लोकलने सगळ्यात जवळ पडतं ते हार्बरचं टिळक नगर. वांद्रे टर्मिनस वांद्र्याच्या लोकल स्टेशनपासून वेगळं आहे. पुण्याच्या काही गाड्या हडपसरहून सुटतात, नागपूरच्या काही अजनीहून. तिकिटावरचं स्थानकाचं नाव अक्षर अन् अक्षर वाचा, कारण पुणे स्टेशन ते हडपसर रस्त्याने किती वेळ लागेल हे वाहतुकीलाच विचारावं लागतं.

आता उशीर मोजायचा कसा? वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात मुद्दाम वेळ राखून ठेवलेला असतो. सीएसएमटीहून सुटलेली गाडी दादरला दहा-बारा मिनिटांत पोचते, पण येताना दादर ते सीएसएमटीला वीस-पंचवीस मिनिटं, कधी त्याहून जास्त दाखवलेली दिसतील. उशीर भरून काढायची ही जागा. म्हणून शेवटच्या स्थानकावर ‘वेळेवर’ दिसणारी गाडी अलीकडच्या स्थानकावर अर्धा तास मागे असू शकते. तुम्ही अलीकडेच गाडी बदलणार असाल तर त्या राखीव वेळाचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. तेव्हा उशीर पाहायचा तो तुमच्या बदलण्याच्या स्थानकावरचा.

त्यासाठी एनटीईएसवर, म्हणजे गाडी कुठे आहे हे दाखवणाऱ्या रेल्वेच्या ॲपवर, गेल्या चार-पाच दिवसांतली धाव पाहा. इथे एक चूक हमखास होते. ॲप विचारतं ती गाडी आपल्या पहिल्या स्थानकातून सुटल्याची तारीख, तुम्ही चढण्याची नव्हे. हावड्याहून आलेली गाडी भुसावळला दुसऱ्या दिवशी येते. तारीख चुकली की भलतीच गाडी वेळेवर धावताना दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो.

किती वेळ ठेवावा याचा माझा ठोकताळा असा: राज्यातल्या राज्यात, दिवसाची, पाच-सहा तासांची गाडी असेल तर दोन तास. रात्रभराची असेल तर चार. उत्तरेकडून येणारी गाडी असेल आणि महिना डिसेंबर-जानेवारीचा, तर धुक्यापुढे तासांचा हिशेब चालत नाही, मधे एक मुक्काम धरा. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक, पश्चिमेवर जम्बोब्लॉक असतो. लोकलने टर्मिनस बदलायचं असेल तर शनिवारीच ब्लॉकची वेळ पाहून ठेवावी. लेट झालेली गाडी आणखी लेट होते, हेही धरून चला. तिची रुळावरची ठरलेली वेळ निसटली की तिला साइडला टाकून वेळेवरच्या गाड्या आधी काढतात. मग सकाळी कल्याणला वीस मिनिटं मागे असलेली गाडी लोकलच्या मागे रांगत दादरला चाळीस मिनिटं मागे पोचते.

कोकण रेल्वे हे वेगळंच प्रकरण. मार्गाचा बराचसा भाग अजून एकेरी आहे. एका गाडीचा उशीर क्रॉसिंगच्या स्थानकावर समोरून येणारीला लागतो. पावसाळ्यात वेळापत्रकच बदलतं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. वेग कमी ठेवतात, जोराच्या पावसात ताशी ४० किलोमीटरवर आणतात. त्या काळात काही गाड्या मधल्या स्थानकांवरून नेहमीपेक्षा लवकर सुटतात. एप्रिलमध्ये पाहिलेल्या वेळेवर जुलैची कनेक्टिंग गाडी बेतली, तर पहिली गाडी अगदी वेळेवर येऊनही दुसरी निघून गेलेली असेल. अशा वेळी पैसे मागायलाही जागा उरत नाही.

मध्यरात्रीचंही तसंच. १५ तारखेच्या ००:२० ची गाडी म्हणजे १४ तारखेच्या रात्री स्टेशनवर. पहिली गाडी १४ च्या रात्री दहाला पोचत असेल तर दुसरी १५ ची काढायची, १४ ची नव्हे.

आणि गाडी चुकणार हे वाटेतच दिसू लागलं तर? दुसरी गाडी पुढे कुठे थांबते ते पाहा. पनवेल किंवा वसईला ती गाठता येत असेल तर १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनवर किंवा टीटीईला कळवून ठेवा. मात्र बर्थ राखून राहील या भरवशावर राहू नका. टीटीईच्या हातातल्या यंत्रात ‘आला नाही’ अशी नोंद झाली की ती जागा आरएसीवाल्याकडे, म्हणजे पूर्ण बर्थ न मिळालेल्या प्रवाशाकडे, जाते. नाहीच गाठता आली, तर त्याच मार्गावरच्या पुढच्या गाडीचं करंट बुकिंग बघा. चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा तिथे मिळतात आणि ऐन वेळी त्या निघतातही. दुसऱ्या दिवशी निघणं चालणार असेल तर तत्काळ एसीसाठी सकाळी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला उघडतं. त्यासाठी प्रवाशांची यादी आयआरसीटीसीवर आदल्या रात्रीच भरून ठेवा, कारण सकाळी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये फोनची बॅटरी बहुधा बारा टक्क्यांवर असते.