भाचा घरी आला

आज पहाटे भाचा दांडिया बाजारात ताईच्या घरी आला. पाणबुडीवर असतो. कुठे होता, किती दिवस, हे आम्ही विचारत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'अरिहंत' या भारताच्या अणुपाणबुडीची पहिली गस्त पूर्ण झाल्याची बातमी आली तेव्हा तो नुकताच नौदलात लागला होता. ताईने देवापुढे निरांजन लावलं होतं.

अणुपाणबुडीला हवेसाठी वर यावं लागत नाही. प्राणवायू समुद्राच्या पाण्यातूनच काढतात, पिण्याचं पाणीही. संपतं ते अन्न. "सगळ्यात आधी ताजी भाजी संपते, मामा," एवढंच तो बोलला.

ताई कोथिंबीर निवडत होती. त्याने जुडी उचलून नाकाशी धरली. कितीतरी वेळ. मला तर बघवेना. ताई पदराने डोळे टिपत पोळ्या लाटत राहिली.