तुम्ही विचारलंत म्हणून: बाकुचिऑल हो, बावचीचं तेल नको

"सुरकुत्यांसाठी काहीतरी सुचवा ना. पण वनस्पतींपासून केलेलं, सौम्य. माझ्या चेहऱ्याला काहीही लावलं की आग होते." हे मला इतक्या जणींनी विचारलंय, की आज सविस्तर लिहितेच.

माझं उत्तर आहे बाकुचिऑल. बावचीच्या बियांतून वेगळा काढून शुद्ध केलेला घटक. २०१९ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजी'मध्ये त्याची रेटिनॉलशी, म्हणजे सुरकुत्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'अ' जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराशी, तुलना करणारी चाचणी आली. ४४ जण, १२ आठवडे. एका गटाने ०.५ टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा लावलं, दुसऱ्याने ०.५ टक्के रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे साधारण सारखेच कमी झाले. सालं निघणं, चुरचुरणं मात्र रेटिनॉलच्या गटात जास्त. चाचणी लहानच, तरी माझ्यासारखीला तिचं मोल आहे. रेटिनॉल लावल्यावर चौथ्याच दिवशी माझ्या नाकपुड्यांच्या कडेला सालं सुटली होती. साधं पाणी मारलं तरी झोंबायचं.

आता कळकळीने सांगते, बाकुचिऑल म्हणजे बावचीचं तेल नव्हे. त्याच बीमध्ये सोरालेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजते. कोडावरच्या उपचारात डॉक्टर सोरालेन वापरतात, पण किरण मोजूनमापून देतात. माझ्या मैत्रिणीने 'नैसर्गिकच तर आहे' म्हणून तेल थेट गालाला लावलं आणि बाहेर पडली. दोन दिवसांनी गाल लालबुंद, वर फोड; नंतरचा काळा डाग कित्येक महिने गेला नाही. लिंबाच्या रसाचंही तेच, तो चेहऱ्याला लावूच नका. लव्हेंडरसारखी सुगंधी तेलं असलेली क्रीमंही मी नाजूक त्वचेच्या माणसाला देणार नाही.

बाकी, त्वचा कोरडी पडून खाजत असेल तर ओट्सचं बारीक पीठ घातलेलं क्रीम शांत करतं. ऑलिव्हपासून केलेलं स्क्वालेन हे तेलासारखं द्रव्य ओलावा धरून ठेवतं. सुरकुत्या ती पुसणार नाहीत, पण कोरडेपणामुळे उठून दिसणाऱ्या बारीक रेघा मऊ पडतात. आणि दिवसा सनस्क्रीन हवंच. झिंक ऑक्साइडचं घ्या. ते खनिज आहे, वनस्पती नाही, तरी नाजूक त्वचेला सहसा मानवतं.

नवीन काहीही आणलंत तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. एकच रात्र बघून चेहऱ्याला लावू नका, ॲलर्जी कधीकधी चार-पाच दिवसांनी उठते. जागा लाल झाली, खाज सुटली, तर लगेच धुवून टाका आणि ती बाटली चेहऱ्याजवळ नेऊ नका, कितीही महागाची असली तरी.